पीकसंरक्षणाची बंदूक आणि अभयारण्याची वाट

डोंगराकडेच्या गांवांत भुईमूग भरूं लागला किंवा ऊंस गोड झाला कीं रानडुकरांची धाड ठरलेली, हें आमच्या शेतकरी बंधूंस नव्यानें सांगावयास नको. ह्याच कारणास्तव पुष्कळ खातेदारांपाशीं परवान्याची बंदूक असते. परवाना हातीं आहे, मग बंदूक घेऊन कोठेंही जावें, अशी अनेकांची समजूत आहे. ही समजूत चुकीची असून ती किती महाग पडते हें आम्हीं कचेरींत असतांना पाहिलें आहे.

आमच्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांतील गोष्ट. एक वयस्क खातेदार परवान्याची मुदत वाढविण्यासाठीं आपली ठासणीची बंदूक दाखविण्यास तालुक्यास निघाला. जवळची वाट अभयारण्यांतून होती. बंदूक रिकामी, परवाना खिशांत, मनांत पाप नाहीं. तरी नाक्यावर झडती होऊन बंदूक जप्त झाली. तो कचेरींत येऊन म्हणाला, "रावसाहेब, सरकारनेंच बंदूक आणावयास सांगितलें आणि सरकारनेंच ती धरली. आतां शेत कशानें राखूं?" त्या हंगामांत त्याचा भुईमूग डुकरांनींच काढला. आम्हांसही तेव्हां हा अन्यायच वाटला; पुढें कायदा उघडून वाचला तेव्हां उलगडा झाला.

मूळ मुद्दा असा कीं, येथें दोन निरनिराळे कायदे आहेत. शस्त्र कायदा, १९५९ ह्याअन्वयें मिळणारा परवाना बंदूक बाळगण्यापुरता असतो. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ती अपुरी पडेल अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर करावी, असें त्यांत सांगितलें आहे. परंतु अभयारण्याच्या हद्दींत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. त्याच्या कलम ३१ प्रमाणें मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनीं अधिकार दिलेला अधिकारी ह्यांच्या पूर्वलेखी परवानगीवांचून कोणीही शस्त्र घेऊन अभयारण्यांत शिरूं नये. कलम ३५ अन्वयें हाच नियम राष्ट्रीय उद्यानांसही, म्हणजे ताडोबा, नवेगांव, चांदोली इत्यादि ठिकाणींही लागतो.

येथें कोणी विचारील, "आम्ही सरकारी सडकेनें जातों, मग अडवणूक कां?" कलम २७ प्रमाणें सार्वजनिक सडकेनें पलीकडे जाणाऱ्यास, तसेंच हद्दींत ज्याची जमीन आहे त्यास, आंत येण्याची मोकळीक आहे, हें खरें. पण ती मोकळीक माणसाची आहे, त्याच्या बंदुकीची नव्हे. कलम ३१ मध्यें सडकेचा अपवाद नाहीं. उदाहरणार्थ, कोल्हापुराहून राधानगरी, दाजीपूर व फोंडाघाट ह्या मार्गानें तळकोकणांत उतरणारा शेतकरी घ्या. दाजीपूरचें रान पूर्वीं करवीरच्या छत्रपतींचें शिकारीचें रान होतें. १९५८ सालीं तेथें अभयारण्य झालें. त्या वाटेनें बंदूक न्यावयाची तर परवाना असूनही वनखात्याची वेगळी लेखी परवानगी पाहिजे.

शस्त्र म्हणजे केवळ बंदूक, असेंही समजूं नये. ह्या कायद्यांत काडतुसें, धनुष्यबाण, चाकू, जाळें, फांस, सांपळा, विष व स्फोटक द्रव्य हीं सर्व शस्त्रांतच धरलीं आहेत. बंदूक घरीं ठेवली पण काडतुसांचा पट्टा गाडींत विसरला, तरी दोष लागतो.

नियम मोडल्यास काय होतें? २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यासही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊं शकतात. आंत शिकार केल्याचें शाबीत झाल्यास कैद तीन वर्षांहून कमी नाहीं व सात वर्षांपर्यंत जाते. दंड पंचवीस हजारांहून कमी नाहीं. बंदुकीबरोबर वाहनही जप्त होऊं शकतें. शिवाय ज्या शस्त्रानें गुन्हा घडला त्याचा परवाना रद्द करून पांच वर्षें नवा मिळूं नये, असा हुकूम न्यायालयास देतां येतो.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. जीव वाचविण्यासाठीं सद्बुद्धीनें जनावर मारल्यास कलम ११ अन्वयें तो गुन्हा नव्हे. परंतु त्या क्षणीं मनुष्य स्वतःच ह्या कायद्याविरुद्ध कृत्य करीत असेल, तर हें संरक्षण त्यास मिळत नाहीं. म्हणजे विनापरवानगी बंदूक घेऊन आंत गेलेल्यावर गवा धांवून आला, तरी बचावाची ढाल आधींच गळून पडलेली असते. तसेंच बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. पिकास उपद्रव देणाऱ्या रानडुकरासाठींही वेगळा लेखी हुकूम लागतो.

अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आंत राहणाऱ्या परवानाधारकांनीं आणखी ध्यानांत ठेवावें कीं, अभयारण्य जाहीर झाल्यापासून तीन महिन्यांत आपलें नांव वनखात्याकडे नोंदवावें लागतें. ह्या पट्ट्यांत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीवांचून मिळत नाहीं, आणि २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणें जुन्याची मुदत वाढवितांनाही वनखात्यास कळवावें लागतें.

आतां व्यवहाराची गोष्ट. बंदूक घेऊन निघण्यापूर्वीं आपली वाट कोणत्या हद्दींतून जाते तें वनक्षेत्रपालांच्या कचेरींत विचारावें. फेऱ्याची वाट असल्यास चार कोस अधिक पडले तरी तीच धरावी. नसल्यास दिवस, वाट, कारण व बंदुकीचा क्रमांक लिहून अर्ज करावा आणि परवानगीचा कागद हातीं आल्यावरच निघावें. तोंडी होकारावर विसंबूं नये. बंदूक रिकामी करून गवसणींत घालावी, मूळ परवाना जवळ ठेवावा व वाटेंत कोठें थांबूं नये. केवळ रान पाहण्यास जावयाचें असेल, तर बंदूक घरींच कुलुपांत ठेवावी हें उत्तम.

त्या वृद्ध खातेदारास कोणीं एवढेंच आधीं सांगितलें असतें, तर त्याचें पीक वांचलें असतें. तालुक्याच्या कचेरींत तें सांगणें आमच्याच टेबलावरून व्हावयास पाहिजे होतें, ही खंत आम्हांस आहे. निदान आमच्या वाचकांवर तरी तसा प्रसंग न यावा, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.