लादी बसली, पण पाणी जाळीकडे जात नाही? मग काय करायचं?

मैत्रिणींनो, शेलारमध्ये काय किंवा आपल्या भिवंडी तालुक्यातल्या इतर गावांत काय, बाथरूम नवीन करायला अनेक ताई गटातूनच कर्ज उचलतात. मिस्त्री काम उरकून जातो. दुसऱ्या दिवशी अंघोळीचं पाणी कोपऱ्यात साचलेलं दिसतं, लादी खालीवर लागते. आपण म्हणतो, "जाऊ दे, गावातलाच माणूस आहे." पण हप्ता काही थांबत नाही. आणि साचलेल्या पाण्यावरून सासूबाईंचा पाय घसरला, तर दवाखान्याचा खर्च वेगळाच.

म्हणून शेवटचे पैसे देण्याआधी या चार गोष्टी स्वतः तपासा.

१. ढाळ : लादी पक्की बसल्यावर बादलीभर पाणी ओता. दहा मिनिटांनी कुठेही डबकं राहता कामा नये. एका मीटरला साधारण एक सेंटीमीटर उतार हवा. म्हणजे चार फुटांच्या बाथरूमला जाळीकडे जवळजवळ अर्धा इंच.

२. आवाज : प्रत्येक लादीवर नाण्याने टकटक करा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर खाली माल नीट भरलेला नाही. जमिनीवरची अशी लादी वजनाने तडकते.

३. फटी : लाद्यांमधल्या फटी पूर्ण भरल्यात का, बोट फिरवून बघा. अर्धवट राहिलेल्या फटीतून पाणी आत मुरतं.

४. पलीकडची भिंत : आठवडाभर वापरून झाल्यावर बाहेरच्या बाजूने ओल येते का ते बघा.

आता दोष सापडला तर? सगळंच फोडायची गरज नसते. फटी खरवडून पुन्हा भरता येतात. दोन-चार पोकळ लाद्या काढून नव्या बसवता येतात, म्हणून उरलेल्या लाद्या टाकू नका. पण ढाळ चुकला असेल, तर वरून सिमेंट फासून भागत नाही, जमिनीची लादी काढून उतार नव्यानेच करावा लागतो. काम नुसतं दिसायला वाईट असेल, तर पैसे कमी करून घ्या आणि विषय मिटवा.

मिस्त्रीशी बोलताना भांडू नका. त्याला बोलवा, त्याच्यासमोरच पाणी ओता. डोळ्यांना दिसल्यावर "काम बरोबर आहे" असं म्हणणं कठीण जातं. एकटीला संकोच वाटला तर गटातल्या दोघींना सोबत घ्या. फोटो काढा. दुरुस्ती कधी करणार ती तारीख कागदावर लिहून त्याची सही घ्या.

तरीही तो दाद देत नसेल, तर लेखी नोटीस द्या आणि तिची प्रत जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. काम ठेक्याने, म्हणजे उक्तं दिलं असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील करायची सक्तीही नाही. रोजंदारीने, आपल्याच देखरेखीखाली माणूस लावला असेल, तर मात्र ही वाट अवघड होते. तिथे समोरासमोर बोलूनच मार्ग काढलेला बरा.

पुढच्या वेळी मात्र आधीच सावध राहा. काम उक्तं द्या. दर, माल कोण आणणार आणि ढाळाची जबाबदारी कोणाची, हे एका कागदावर लिहा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, प्रत्येक वेळी सही घ्या. निदान दहावा हिस्सा पाण्याची परीक्षा झाल्यावरच द्या. लादीच्या खोक्यांवरचा शेड नंबर एकच आहे ना, हे बसवण्याआधी बघा. एकदा लादी बसली की दुकानदार सहसा परत घेत नाही.

गटाच्या बैठकीत आपण एक-एक रुपयाचा हिशोब विचारतो. तोच हिशोब घरातल्या कामाचाही विचारायचा. त्यात कसली लाज?