पूल शाबूत, वाट बंद

कल्याण तालुक्यातल्या आंबिवलीच्या एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला काळू. गेल्या वीस वर्षांतल्या पुरांचा मागोवा घ्यायला याहून सोयीचा पट्टा नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर पुलांविषयी बोलणे झाले ते त्यांच्या वयाचे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळून एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या, आणि जुना पूल धोक्याचा, नवा भरवशाचा ही समजूत पक्की झाली. सावित्रीपुरती ती खरीही होती. तिथला नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. कल्याण तालुक्याचा अनुभव मात्र निराळा. टिटवाळ्याजवळ काळूवरचा रुंदे पूल पावसाळ्यात मोडला नाही, वारंवार बुडाला. उल्हासवरच्या रायते पुलाचा जोडरस्ता पुरात वाहून गेला आणि कल्याण-मुरबाड वाहतूक अडली. काँक्रीटने दगा दिलाच नाही. एकीकडे उंची कमी पडली, दुसरीकडे भराव.

यावर अभियंते म्हणतील, बुडीत पूल ही चूक नसून काटकसर आहे. वर्षातले चार दिवस पाणी वरून गेले तर गेले. सरासरीच्या हिशेबात हे बरोबर आहे. पण काळूपलीकडच्या गावांना लोकल, दवाखाना, बाजार सारे टिटवाळ्यात, आणि बाळंतीण सरासरी पाहून अडत नाही. शिवाय पाणी उतरले की वाट लगेच मोकळी होते असेही नाही. कठड्यांत जलपर्णी, ओंडके, प्लास्टिक गच्च अडकलेले असते, फरशीवर गाळाचा थर बसतो, कधी डांबरच उखडून गेलेले असते. अडकलेला कचरा पुलाचाच बंधारा करतो, ते वेगळेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: पूल उंच केला की जोडरस्त्याचा भरावही उंच होणार, आणि पूरक्षेत्रात आडवा पडलेला तो भराव वरच्या गावांत पाण्याचा फुगवटा आणणार. मान्य. म्हणूनच पूल नदीच्या पात्रापुरता बांधून भागत नाही. गाळे काठापलीकडे न्यावे लागतात, भरावात मोऱ्या ठेवाव्या लागतात, त्याच्या उतारांना दगडी पिचिंग लागते. खर्च वाढतो, हे खरे. पण नदीकाठी माती टाकून चाळी उठू द्यायच्या आणि पुलाने मात्र जुन्या पाणीपातळीवर निभावून न्यावे, हा हिशेब कुठला? इथल्या पुढच्या पुलाची निविदा निघेल तेव्हा लांबी-रुंदीच्या आधी २००५ ची आणि त्यानंतरच्या पुरांची पाणीपातळी विचारावी, आणि मग मोऱ्यांची संख्या.