जपानमधील एक जुनी वाट

जपान म्हटले, की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? बाणासारखी धावणारी शिंकान्सेन गाडी, उंच इमारती, मोटारी, कॅमेरे. हे सारे खरे आहे. पण त्याच जपानच्या डोंगरांत अशीही गावे आहेत, की जिथे दिवसा मुख्य रस्त्यावर मोटार आणता येत नाही आणि विजेच्या ताराही दिसत नाहीत. लाकडी घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. ही गावे आपोआप टिकलेली नाहीत. ती कशी टिकली, हे समजून घ्यायचे असेल, तर चला, आपण त्यांतील दोन गावांच्या वाटेने पायी जाऊ या.

प्रथम या वाटेविषयी थोडेसे. सन 1603 पासून 1868 पर्यंत जपानचा कारभार एदो या शहरातून चालत असे. एदो म्हणजेच आजचे टोकियो. सम्राट मात्र क्योतो येथे राहत असे. या दोन शहरांना जोडणारे दोन मोठे रस्ते होते. एक समुद्रकाठाने जाई. दुसरा डोंगरांमधून जाई. त्याचे नाव नाकासेन्दो. त्याची लांबी सुमारे 530 किलोमीटर होती आणि त्यावर मुक्कामाची 69 गावे होती. तुम्ही इतिहासात शेरशाहच्या सराईंविषयी वाचले असेल. ही गावेही तशीच समजा. वाटसरूला तिथे जेवण, अंथरूण, घोडे आणि हमाल मिळत. डोंगरातली वाट लांबची आणि चढउताराची होती. तरीही पुष्कळ लोक तिलाच पसंती देत, कारण समुद्रकाठच्या रस्त्यावर नद्यांना पूर आला, की प्रवासी दिवसेंदिवस अडकून पडत. सन 1861 मध्ये राजकन्या काझुनोमिया लग्नासाठी क्योतोहून एदोला गेली, ती याच डोंगरवाटेने.

आता आपल्या प्रवासाला सुरुवात करू. नागोया शहरातून आगगाडीने नाकात्सुगावा या स्थानकावर उतरायचे आणि तिथून बसने मागोमे गावी जायचे. मागोमे हे नाकासेन्दोवरील 43 वे मुक्कामाचे गाव. ते डोंगराच्या उतारावर वसलेले आहे. दगडी फरसबंदीचा रस्ता सरळ वर चढत जातो. दोन्ही बाजूंना दुकाने आणि खाणावळी आहेत, आणि कडेने पाण्याचे पाट खळखळत वाहतात. शिमाझाकी तोसोन हे प्रसिद्ध जपानी लेखक सन 1872 मध्ये याच गावी जन्मले. सन 1895 मध्ये मोठी आग लागून हे गाव जळाले. म्हणून येथील घरे दिसायला जुनी असली, तरी ती त्यानंतरची आहेत. गावाच्या वरच्या टोकाला उभे राहिले, की समोर एना पर्वत दिसतो.

इथून पुढे सुमारे आठ किलोमीटर चालायचे आहे. अडीच-तीन तास लागतील. वाट थोडा वेळ भातशेतांजवळून जाते, मग उंच झाडांच्या राईत शिरते. वाटेत ठिकठिकाणी पितळी घंटा टांगलेल्या आहेत. त्या कशासाठी असतील बरे? देवळाच्या घंटा नव्हेत. या रानात अस्वले आहेत! घंटा वाजवली, की माणूस आल्याचे अस्वलाला कळते आणि ते दूर निघून जाते. तेव्हा घंटा दिसली, की जोरात वाजवा.

सुमारे 800 मीटर उंचीवर खिंड लागते. ती ओलांडली, की उतार सुरू होतो. उताराला एक जुने चहाघर आहे. तिथे चुलीवर किटली ठेवलेली असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा दिला जातो. त्याचे पैसे मागत नाहीत. त्याच्याही खाली शेजारी-शेजारी दोन धबधबे आहेत.

या रानाचीही एक कथा आहे. किसो खोऱ्यातील हिनोकी हे झाड फार मोलाचे. त्याचे लाकूड सरळ, सुवासिक आणि टिकाऊ असते. किल्ले आणि मंदिरे बांधण्यासाठी इतकी झाडे तोडली गेली, की पुढे तेथील सरदाराने पाच जातींची झाडे तोडण्यास सक्त मनाई केली. एका झाडाला एक डोके, असे लोक म्हणत. म्हणजे झाड तोडणाऱ्याची मान गेलीच समजा. शिक्षा फारच क्रूर होती. पण हे जंगल शिल्लक राहिले, त्यात या मनाईचा मोठा वाटा आहे.

उतार संपला, की त्सुमागो हे 42 वे गाव येते. शिरतानाच रस्ता दोनदा काटकोनात वळतो. शत्रू आला, तर त्याला सरळ घुसता येऊ नये, म्हणून ही युक्ती. जवळच सरकारी हुकूम लावण्याचा उंच लाकडी फलक आहे. घरांच्या दर्शनी भागी बारीक लाकडी जाळी असते. आत कागदी सरकती दारे आणि गवताच्या जाड चटया. अशा एखाद्या घरात तुम्ही रात्री मुक्काम करू शकता. मात्र बूट दारातच काढायचे! गरम पाण्याच्या हौदात उतरण्यापूर्वी अंग बाहेर स्वच्छ धुवायचे, कारण तेच पाणी पुढच्या पाहुण्यासाठीही असते.

हे गाव एके काळी ओस पडत चालले होते. सन 1911 मध्ये किसो खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग पूर्ण झाला. पण तो त्सुमागोला बाजूला ठेवून गेला. पायी जाणारे वाटसरू संपले, तसा गावाचा धंदाही संपला. तरुण मुले शहरांकडे निघाली. मागे राहिलेल्यांजवळ नवी घरे बांधण्याइतके पैसे नव्हते. म्हणून जुनी घरे तशीच राहिली. गरिबीनेच ती राखली, असे म्हटले तरी चालेल.

सन 1968 मध्ये घरांची दुरुस्ती सुरू झाली. लोक पाहायला येऊ लागले आणि एक नवा धोका उभा राहिला. बाहेरचे पैसेवाले येऊन घरे विकत घेतील, मोठी हॉटेले बांधतील, झगमगीत पाट्या लावतील! तेव्हा सन 1971 मध्ये गावकऱ्यांनी मिळून तीन गोष्टी ठरवल्या: घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही आणि पाडायचे नाही. घरात काही बदल करायचा असेल, तर तो आधी गावाच्या समितीपुढे मांडायचा. पुढे सन 1976 मध्ये सरकारने त्सुमागोला संरक्षित गावांच्या पहिल्या यादीत घेतले आणि दुरुस्तीसाठी मदत मिळू लागली.

मला विचाराल, तर या तिन्हींमध्ये ‘पाडायचे नाही’ हे त्यातल्या त्यात सोपे. समोर कोणी पैशांची थैली घेऊन उभा असताना ‘विकायचे नाही’ म्हणणे किती अवघड असेल, याचा विचार करा. मुले शहरात गेली, घरात म्हातारी माणसेच उरली, तरीही नाहीच म्हणायचे.

हीच तीन वचने त्याच वर्षी आणखी एका गावाने घेतली. त्याचे नाव शिराकावा-गो. ते किसो खोऱ्याच्या वायव्येला, उंच पर्वतांच्या पलीकडे आहे. ताकायामा शहरातून बसने तासाभरात तिथे पोहोचता येते. इथे हिवाळ्यात माणसाच्या उंचीहून अधिक बर्फ पडते. म्हणून घरांची गवती छपरे फार उभट असतात. प्रार्थनेसाठी जोडलेल्या दोन हातांसारखी ती दिसतात आणि त्यावरूनच त्यांना नाव पडले आहे. छपराचा सांगाडा दोरांनी आणि रानातल्या लवचीक फांद्यांनी आवळून बांधतात; तिथे खिळा वापरत नाहीत. छपराखालच्या माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळत. तीस-चाळीस वर्षांनी गवत बदलावे लागते. एका कुटुंबाला ते झेपत नाही. म्हणून शे-दीडशे माणसे एकाच वेळी छपरावर चढतात आणि एक-दोन दिवसांत काम उरकतात. आज माझे छप्पर, उद्या तुझे. या रीतीला ते लोक ‘युइ’ म्हणतात.

सन 1995 मध्ये हे गाव जागतिक वारसा म्हणून जाहीर झाले आणि प्रवाशांची रीघ लागली. ती इतकी वाढली, की हिवाळ्यातील दिव्यांची रोषणाई पाहण्यासाठी सन 2019 पासून आगाऊ नोंदणी करावी लागते. गवती गावाला खरे भय आगीचे. एक ठिणगी पुरे! त्यामुळे घरांच्या आसपास पाण्याचे जोरदार फवारे बसवले आहेत. ते नीट चालतात की नाही, हे पाहण्यासाठी दरवर्षी शरद ऋतूत सारे फवारे एकदम सोडतात आणि थोडा वेळ सगळे गाव पाण्याच्या पडद्याआड दिसेनासे होते.