गाडी अडलीय? आधी मीटर काढा!

घरच्या पलंगाखालून रुळांचा डबा काढून, फरशीवर गोल मांडून छोटी रेल्वे पळवणारा एक तरी मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असेल. ‘अजून खेळण्यातल्या गाड्या?’ म्हणून त्याची जाम खेचलीही असेल. किंवा तो मित्र तुम्हीच असाल. तसं असेल, तर आजचं पान तुमच्यासाठीच आहे. कोथरूडचं भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम बघून आल्यावर ‘आपणही असं काही करावं’ असा किडा डोक्यात शिरला असेल, तरीही वाचा.

साध्या मॉडेल रेल्वेचा हिशेब सोपा असतो. रुळाला जास्त व्होल्टेज दिलं की गाडी जोरात, प्लस-मायनस उलटं केलं की गाडी उलटी. लोचा होतो तो दुसरं इंजिन रुळावर ठेवल्यावर. दोन्ही एकदमच सुटतात आणि एकदमच थांबतात. एक फलाटावर उभं आणि दुसरं मालगाडी घेऊन निघालंय, असं करायचं तर रुळाचे तुकडे पाडा, प्रत्येकाला वेगळं बटण लावा, असा व्याप.

यावर उपाय म्हणजे डीसीसी, अर्थात डिजिटल कमांड कंट्रोल. १९८०च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत बर्न्ड लेन्झ यांनी ही पद्धत विकसित केली. पुढे अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने १९९०च्या दशकात तिचं स्टँडर्ड केलं. म्हणून आज एका कंपनीचा कंट्रोलर आणि दुसऱ्या कंपनीचं इंजिन सहसा बिनतक्रार चालतं.

हजेरीचा फंडा

डीसीसीमध्ये रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज असतं, एचओ स्केलला साधारण १४-१५ व्होल्ट. ते सतत उलटसुलट होत राहतं आणि या उलटापालटीतच निरोप दडलेला असतो. अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘१’, १०० किंवा त्याहून जास्त असेल तर ‘०’. प्रत्येक इंजिनाच्या पोटात डीकोडर नावाची नखाएवढी चिप असते आणि तिला एक नंबर असतो. वर्गातली हजेरी आठवा. सर ‘रोल नंबर तीन’ म्हणतात, ते ऐकू सगळ्यांना येतं, पण ‘ओ’ एकटाच देतो. इथेही तसंच. गंमत म्हणजे कोऱ्या डीकोडरचा नंबर ठरलेला असतो, ३!

सुरुवात कुठून?

तयार कंट्रोलर महाग वाटत असेल, तर ‘डीसीसी-ईएक्स’ हा ओपन सोर्स प्रोजेक्ट बघा. अर्डुइनो मेगा, त्यावर मोटर शील्ड आणि एक पॉवर सप्लाय एवढ्यावर कंट्रोल स्टेशन उभं राहतं. हा माल लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मिळतो. जोडण्याआधी एकच खबरदारी घ्या. मोटर शील्डची ‘व्हीइन’ लाइन तोडा किंवा ती पिन वाकवून बाहेर ठेवा. नाहीतर रुळाचं व्होल्टेज थेट मेगात घुसतं. कॉम्प्युटरवर जेएमआरआय हे फुकट सॉफ्टवेअर आणि अँड्रॉइड फोनवर ‘इंजिन ड्रायव्हर’ ॲप टाकलं की फोनच थ्रॉटल होतो.

मग इंजिन प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर घ्या. प्रोग्रॅमिंग ट्रॅक म्हणजे बाकी रुळांपासून तोडलेला हातभर तुकडा. डीकोडरच्या सेटिंग्जना सीव्ही म्हणतात. सीव्ही १ म्हणजे नंबर, ३ म्हणजे वेग किती सावकाश घ्यायचा, ४ म्हणजे किती सावकाश थांबायचं. चार आकडी नंबर हवा असेल तर तो सीव्ही १७-१८मध्ये जातो आणि सीव्ही २९मध्ये ३२ मिळवावे लागतात. आपल्या वॅग-९ इंजिनांचे नंबर पाच आकडी. बहुतेक कंट्रोलर ९९९९च्या पुढे जात नाहीत, म्हणून शेवटचे चार आकडे घ्यायचे.

सीव्ही वाचताना इंजिन किंचित थरथरतं, घाबरू नका. डीकोडर बोलू शकत नाही, म्हणून तो क्षणभर जास्त करंट ओढून ‘हो’ म्हणतो. तीच ती थरथर.

माझा धूर

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. माझ्या मामाकडे एक जुनं इंजिन होतं. डीसीसीच्या आधीचं, अगदी साधं. त्याने पहिल्या पगारातून घेतलेलं. ‘याला डिजिटल कर’ म्हणून त्याने ते माझ्या हातात ठेवलं. मी ट्यूशनच्या पैशांतून डीकोडर आणला आणि रात्री दोनपर्यंत सोल्डरिंग केलं. लाल वायर उजव्या रुळाच्या चाकांना, काळी डाव्या, नारिंगी आणि राखाडी मोटरला. कलर कोड एकदम बरोबर. प्रोग्रॅमिंग ट्रॅकचा कंटाळा केला आणि इंजिन सरळ मेन लाइनवर ठेवलं.

दोन सेकंदांत धूर.

झालं काय होतं? जुन्या इंजिनांत मोटरचं एक टोक बऱ्याचदा धातूच्या सांगाड्याला टेकलेलं असतं आणि तो सांगाडा एका रुळाला. साध्या पद्धतीत ते चालून जातं. पण डीकोडर बसवताना मोटरची दोन्ही टोकं रुळापासून पूर्ण वेगळी हवीत, नाहीतर रुळाचा करंट मागच्या दाराने डीकोडरच्या आउटपुटमध्ये शिरतो. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून, डीकोडर जोडण्याआधी, मोटरची दोन्ही टोकं आणि दोन्ही बाजूंची चाकं तपासायला अर्धा मिनिट लागतं. बीप आला तर थांबायचं. माझ्याकडे मीटर होता. तो ड्रॉवरमध्ये होता.

आठ दिवस मी मामाचा फोन उचलला नाही. मोटरही गेली असेल असं गृहीत धरलं होतं आणि ते तपासायचीही हिंमत होत नव्हती. शेवटी तोच घरी आला. इंजिन उघडं बघून म्हणाला, ‘अरे, मीटर लाव ना, मोटर जिवंत आहे का ते तरी कळेल.’ लावला. मोटर ठणठणीत होती. गेला होता फक्त डीकोडर.

अडली की काय बघाल?

त्या आठवड्यानंतर मी एक क्रम पाळतो. तुम्हीही वहीत लिहून ठेवा.

• इंजिन हलतच नाही : दुसरं, चालणारं इंजिन त्याच जागी ठेवा. तेही अडलं तर दोष रुळात, चाललं तर इंजिनात. अर्धं कोडं इथेच सुटतं. दोष इंजिनात असेल तर प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर नंबर वाचून बघा. काहीच जमलं नाही तर सीव्ही ८मध्ये ८ लिहा. बहुतेक डीकोडर त्याने रिसेट होतात आणि नंबर पुन्हा ३ होतो.

• धक्के खात चालतं, दिवा लुकलुकतो : दहातल्या नऊ वेळा मळ. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसा आणि चाकंही पुसा. चाकं सगळे विसरतात.

• दिवा वेगाप्रमाणे चालू-बंद होतो : वायरिंग उसकू नका. कंट्रोलर २८ स्पीड स्टेपवर आणि डीकोडर १४वर आहे. दोन्ही एकसारखे करा.

• लांबच्या टोकाला गाडी मंदावते : रुळांच्या सांध्यांवर भरवसा ठेवू नका. खालून जाड वायरची जोडी फिरवा आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यातून वायर द्या. मग सगळी इंजिनं उचलून ठिकठिकाणी दोन रुळांवर रुपयाचं नाणं क्षणभर आडवं ठेवा. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटरवर असतात, त्यामुळे नाणं आरामात टेकतं. स्टेशनने लगेच वीज तोडली पाहिजे. न तोडल्यास तिथली वायर कमी पडतेय. खऱ्या शॉर्टमध्ये तिथलंच प्लास्टिक वितळेल.

• वळसा घेऊन परतणारी गाडी शॉर्ट होते : गाडी त्याच मार्गावर उलटी येते तेव्हा उजवा रूळ डाव्याला भेटतो. वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून मध्ये ऑटो-रिव्हर्स मोड्यूल लावा.

• सगळ्या इंजिनांचा नंबर एकच झाला : प्रोग्रॅमिंगचा निरोप मेन लाइनवर गेला. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी तो ऐकला.

आणि एक पथ्य. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन बदलून गाडी चालली, तर कशाने चालली ते कधीच कळत नाही.

खेळणं? बघा बुवा

हे वाचूनही कुणी ‘टाइमपास’ म्हणालं तर दोन गोष्टी सांगा. एमआयटीत १९४६ साली मॉडेल रेल्वेचा क्लब निघाला. रुळांखालची रिले आणि वायरींची जंजाळं सोडवणारी तिथली पोरं पुढे कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसली. १९६२च्या ‘स्पेसवॉर’ या सुरुवातीच्या व्हिडिओ गेममागचा स्टीव्ह रसेल याच क्लबचा.

दुसरी गोष्ट जेएमआरआयची. अमेरिकेतले फिजिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसेन यांच्या या फुकट सॉफ्टवेअरमधल्या फाइल्स एका विक्रेत्याने श्रेय न देता वापरल्या. ते कोर्टात गेले. २००८ साली तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की ओपन सोर्स लायसन्सच्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. तुम्ही प्रोजेक्टला जो फुकटचा कोड उचलता, त्याच्या लेखकाच्या हक्कामागे छोट्या रेल्वेचा हा खटला उभा आहे. तेव्हा निदान नाव तरी देत जा.

मामाच्या इंजिनात दुसरा डीकोडर बसला. या वेळी मोटरचं टोक सांगाड्यापासून सोडवलं, खाली प्लास्टिकची चकती घातली, मीटर लावला आणि बीप आला नाही. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर इंजिन थरथरलं तेव्हा आम्ही दोघंही श्वास रोखून होतो. जळका डीकोडर मी टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलाय. झाकण उघडलं की तो दिसतो आणि हात आपोआप मीटरकडे जातो.