'रोहना' : एका प्रवासी बोटीचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने आगबोटीवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. पण सागरी विम्याचा अभ्यास करताना माझ्या मनात एक प्रश्न आला. युद्धकाळात सरकार खासगी कंपनीची बोट ताब्यात घेते, तेव्हा बोट कोणाची, जोखीम कोणाची आणि तिच्यावर राबणारी माणसे कोणाची? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी 'रोहना' या बोटीपाशी येऊन पोहोचलो.

ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीसाठी 1926 साली इंग्लंडमध्ये बांधलेली ही 8,602 टनांची बोट. 'रजुला' ही तिची बहीण. दोघी मद्रास, नागपट्टणम्, पेनांग, सिंगापूर या मार्गासाठी बांधल्या होत्या. मलायातील मळ्यांवर पोट भरण्यासाठी जाणारे तमिळ मजूर हे त्यांचे मुख्य उतारू. वर मोजक्या केबिन आणि खाली हजारो डेक पॅसेंजर, अशी रचना.

नेमकी हीच रचना लष्कराच्या उपयोगी पडते. युद्धनौकेत तोफा असतात, पण माणसांना जागा नसते. मालवाहू बोटीत जागा असते, पण मोठी भटारखाने, पाण्याच्या टाक्या, संडास नसतात. प्रवासी बोटीत हे सारे तयारच असते. म्हणून 1940 साली 'रोहना' सरकारच्या ताब्यात गेली. अशा बोटीचे भाडे मालकाला मिळे, आणि ती बुडाल्यास भरपाई देण्याची तरतूद ब्रिटनने 1939 च्या कायद्यानेच करून ठेवली होती. थोडक्यात, भांडवल सुरक्षित होते.

आता माणसांकडे पाहू. बोटीवरील सुमारे 200 कर्मचाऱ्यांपैकी बहुतेक भारतीय होते. त्या काळी आपले कोकणी खलाशी आणि गोव्याचे खानसामे परदेशी कंपन्यांच्या बोटींवर मोठ्या संख्येने असत. भारतीय खलाशाला गोऱ्या खलाशाच्या मानाने फारच थोडा पगार मिळे. 1939 साली युद्ध सुरू होताच भारतीय खलाशांनी परदेशी बंदरांत संप केले आणि काही वाढ पदरात पाडून घेतली, तरी तफावत उरलीच.

26 नोव्हेंबर 1943. सुमारे 2,000 अमेरिकन सैनिकांना घेऊन 'रोहना' भूमध्य समुद्रातून पूर्वेकडे निघाली होती. त्यांच्यापैकी अनेक जण हिंदुस्थानाकडेच येत होते. अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ जर्मन विमानांनी ताफ्यावर हल्ला केला. त्यातील एकाने हेन्शेल 293 जातीचा, रेडिओने दिशा देता येणारा बॉम्ब सोडला. तो बोटीच्या कुशीत घुसून फुटला. कित्येक जीवरक्षक होड्या खाली सोडताच येईनात. समुद्र खवळलेला आणि वर अंधार पडू लागलेला. 'पायोनियर' या अमेरिकन सुरुंगशोधक नौकेने 606 जणांना वाचविले. 1,100 हून अधिक माणसे मेली. त्यात 1,015 अमेरिकन सैनिक होते.

नवे अस्त्र परिणामकारक ठरल्याचे शत्रूला कळू नये म्हणून ही घटना दडपली गेली, आणि युद्ध संपल्यावरही कित्येक वर्षे मृतांच्या नातलगांना खरी हकीकत समजली नाही. 2000 साली अमेरिकन काँग्रेसने ठराव करून त्या सैनिकांचा गौरव केला.

वाचलेल्या काही सैनिकांनी भारतीय खलाशांना दोष दिला : ते घाबरले, त्यांनी आधी स्वतःचा जीव पाहिला. घबराट झालीही असेल. पण आकडे पाहावेत. कर्मचाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक बुडाले. त्यांचे मृत्युप्रमाण सैनिकांपेक्षा कमी नव्हते. जे स्वतःचा जीव वाचवून पळाले असे म्हणतात, ते इतक्या संख्येने मेले कसे?

'रजुला' युद्धातून सुखरूप परतली आणि 1973 पर्यंत मद्रास-सिंगापूर मार्गावर धावली. 'रोहना' भूमध्याच्या तळाशी राहिली. दुसऱ्या महायुद्धात भारतीय व्यापारी नौदलाचे सुमारे 6,000 खलाशी मेले. त्यांच्या नावांची वही मुंबईच्या खलाशीगृहात व चितगाव येथे ठेवलेली आहे. ती नावे दगडावर कोरलेली नाहीत, वहीच्या पानांवर लिहिलेली आहेत.

मित्रहो, जमाखर्च लिहिणाऱ्याचा पहिला नियम असा, की एकही नोंद गाळायची नाही. 'रोहना'च्या हिशेबात मालकाचे भांडवल नोंदले गेले, सैनिकांचे बलिदान उशिरा का होईना नोंदले गेले. आपल्या खलाशांची नोंद मात्र वहीत असूनही कोणी वाचलेली नाही. ती वाचण्याचे काम आपले आहे.