काक्षीला काय झाले होते?

मुलांनो, फेब्रुवारीत रात्री आठच्या सुमारास, कोट-टोपी घालून, घराबाहेर या आणि दक्षिणेकडे पाहा. एका ओळीत तीन तारे दिसतील. तो मृग नक्षत्रातला बाण. बाणाच्या वर डावीकडे एक तांबूस तारा आहे, त्याचे नाव काक्षी. इंग्रजीत बीटलज्यूस. आजीच्या पंचांगातले आर्द्रा नक्षत्र ते हेच!

काक्षी हा 'शीत' तारा आहे. शीत म्हणजे फ्रिजसारखा गार नव्हे हं! सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५५०० अंश सेल्सियस तापलेला असतो, काक्षीचा सुमारे ३३००. म्हणून तो तांबडा दिसतो.

चुलीपासून दूर गेले की ऊब कमी होते. ताऱ्यांचे मात्र उलटेच असते! सूर्याच्या पृष्ठभागावर जे विरळ वातावरण आहे, त्याचे तापमान दहा लाख अंशांच्याही वर जाते. काक्षीच्या वातावरणातही पृष्ठभागापेक्षा जास्त तापलेला वायू आहे. तो आपल्याला का दिसत नाही? इंद्रधनुष्याचे रंग आठवा: तानापिहिनिपाजा. या 'जा'च्या, म्हणजे जांभळ्याच्या, पलीकडचे किरण ते अतिनील किरण. हा तापलेला वायू ओळखू येतो तो मुख्यतः याच किरणांत. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, आणि त्यांतले बरेचसे ओझोनचा थर वरच अडवतो.

म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागते. १९७८ साली 'आय.यू.ई.' नावाचा उपग्रह सोडला. तो तीन वर्षे चालावा अशी अपेक्षा होती, पण चालला १९९६ पर्यंत! त्याचे काम मेरीलँडमधल्या ग्रीनबेल्ट गावातून आणि स्पेनमधून चाले. पुढे १९९० साली हबल दुर्बीण अवकाशात गेली. १९९५ मध्ये तिने काक्षीचे अतिनील चित्र घेतले. त्यात तारा नेहमीच्या सुमारे दुप्पट मोठा दिसला, कारण त्याचे वातावरणच दिसत होते.

२०१९ च्या अखेरीस काक्षी मंद होऊ लागला. फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याचे दोन-तृतीयांशाहून जास्त तेज गेले. आता याचा स्फोट होणार की काय, असे अनेकांना वाटले. उत्तर मिळाले हबलच्या अतिनील नोंदींतून. अँड्रिया डुप्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की तारा मंद होण्याआधीच, सप्टेंबर ते नोव्हेंबर २०१९ मध्ये, दाट, तापलेला वायू त्याच्यापासून बाहेर निघाला होता. तो दूर जाऊन निवला, त्याची धूळ झाली आणि ती ताऱ्याच्या आड आली. एप्रिलपर्यंत काक्षी पुन्हा पहिल्यासारखा तळपू लागला.

आणखी एक गंमत. काक्षीचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला पाचशेहून जास्त वर्षे लागतात. म्हणजे २०१९ मध्ये आपण जे पाहिले, ते शिवाजी महाराजांच्या जन्माआधीच घडून गेले होते!

काक्षीचा स्फोट कधीतरी होईल, पण त्या वेळी तो नुसता धुळीआड गेला होता. मग आई-बाबांना घेऊन पाहायला जाणार ना?