स्पेक्टरचं मूळ आणि हिंगोलीचा हरीसिंग

जेम्स बाँडचे सिनेमे पाहिले असतील तर ‘स्पेक्टर’ तुम्हाला माहीत असणारच. अंगठीवर ऑक्टोपस, मांडीवर पांढरं मांजर आणि जग ओलीस धरायची योजना. पण बाँडच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत ही संघटना नाहीच. १९५३ च्या ‘कॅसिनो रोयाल’मध्ये इयान फ्लेमिंगने बाँडसमोर उभी केली ती ‘स्मर्श’, आणि स्मर्श खरी होती! एप्रिल १९४३ मध्ये सोव्हिएत संघाने स्थापन केलेलं हे हेरविरोधी लष्करी खातं. ते १९४६ मध्येच गुंडाळलं गेलं होतं, म्हणजे कादंबरी बाहेर आली तोवर खातं संपून सात वर्षं झाली होती. कादंबरीत मात्र ते पुढेही जोरात चालू राहिलं.

स्पेक्टर आली ती १९५९ च्या आसपास, केविन मॅक्लोरी आणि जॅक व्हिटिंगहॅम यांच्यासोबत चाललेल्या एका पटकथेच्या कामातून. सिनेमा रखडला, फ्लेमिंगने तो मालमसाला घेऊन १९६१ मध्ये ‘थंडरबॉल’ ही कादंबरी काढली, मॅक्लोरी कोर्टात गेला. हक्कांचं ते भांडण पुरतं मिटायला २०१३ उजाडलं. ते सोडा. मला रस आहे तो संघटनेच्या घडणीत. एकवीस सदस्य. कुणी गेस्टापोतला, कुणी स्मर्शमधला, कुणी माफियातला. देश नाही, विचारसरणी नाही, फक्त पैसा. आणि पॅरिसमध्ये ऑफिस कुठलं, तर छळाविरुद्ध लढणाऱ्यांना मदत करणाऱ्या एका प्रतिष्ठित संस्थेचं. बाहेर सज्जनपणाची पाटी, आत खुनाचा हिशेब.

ही पाटीची युक्ती फ्लेमिंगच्या खूप आधीची आहे. तिचं एक ठळक उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यातलं आहे. कुरुंद्यात बसून बाँडवर लिहायचं धाडस मी करतोय ते त्यामुळेच.

१८३० च्या आसपास हिंगोली ही निजामाच्या फौजेची छावणी होती. तिथला एक प्रतिष्ठित व्यापारी हरीसिंग. व्यवहाराला चोख, इंग्रज अधिकाऱ्यांशी त्याची देवघेव. एकदा त्याने कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाने मागितले. ते त्याला मिळाले. कापड खरंच मुंबईहून येत होतं, पण ते दुसऱ्याच व्यापाऱ्याचं होतं, हिंगोलीजवळच्या एका गावातल्या. हरीसिंगने वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैलवाल्यांना मारलं, साहेबाच्याच परवान्यावर माल छावणीत आणला आणि उघड्या बाजारात विकला. पकडला गेल्यावर त्याने हे स्वतःच सांगितलं, तेही एखादा विनोद सांगावा तसं. त्याच्या टोळीने छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, माणसं मारली होती. प्रेतं पुरली ती नदीला मिळणाऱ्या एका कोरड्या ओढ्यात. माफीचे साक्षीदार एकेक जागा दाखवत गेले, खड्डे उकरले जात होते, प्रत्येकात अनेक सांगाडे. शेवटी बघणाऱ्यांनाच मळमळायला लागलं आणि उकरणं थांबवलं.

हा मजकूर आहे फिलिप मेडोज टेलरच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९ च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत. टेलर स्वतः निजामाच्या नोकरीत होता. पुस्तक इंग्लंडात गाजलं, आणि त्यानंतर ठग युरोपच्या कादंबऱ्यांत हिंडायला लागले. १८४४-४५ मध्ये यूजीन स्यूच्या फ्रेंच कादंबरीत गळा आवळणारा एक ठग येतो. त्याचं नावही स्लीमनच्या प्रसिद्ध साक्षीदारावरून, फिरंगियावरून घेतलेलं. १९१३ मध्ये फू मांचूच्या हाताखाली ठग आणि डाकू दिसतात. आणि फ्लेमिंगचा ‘डॉ. नो’ वाचताना फू मांचू आठवल्याशिवाय राहत नाही. हरीसिंगपासून स्पेक्टरपर्यंत सरळ रेघ ओढता येते असं माझं म्हणणं नाही. पण जगभर पसरलेली, गुप्त भाषा असलेली, सभ्य मुखवट्याची खुनी संघटना ही कल्पना वाचकांच्या ओळखीची झाली, त्यात ठगांचा वाटा मोठा आहे.

आता खरा प्रश्न. ठगांची अशी देशव्यापी संघटना होती का?

हिंगोलीच्या ओढ्यात सांगाडे सापडले, म्हणजे खून झाले यात शंका नको. पण सांगाड्यावरून संघटना सिद्ध होत नाही. त्यासाठी पुरावा होता तो मुख्यतः माफीच्या साक्षीदारांचा. जरा विचार करा: ज्या माणसाचा जीव नवी नावं सांगण्यावर अवलंबून आहे, त्याला प्रश्न विचारणारा अधिकारी आधीच ‘संघटना आहे’ असं धरून चालला आहे. आमच्या प्रयोगशाळेत कुणी असा डेटा आणला तर गाईड पहिला प्रश्न विचारतील, कंट्रोल कुठे आहे? स्लीमनने १८३६ च्या ‘रामासियाना’त ठगांची गुप्त भाषा आणि त्यांच्या वंशावळीसुद्धा छापल्या. वंशावळ छापली की धंदा रक्तातला ठरतो. स्टुअर्ट गॉर्डनने १९६९ मध्येच या चित्रावर शंका घेतली होती. किम वॅग्नरचं २००७ चं पुस्तक मला जास्त पटतं: वाटमारी खरी, टोळ्याही खऱ्या, पण अखिल भारतीय खुनी पंथ हे इंग्रजांनी केलेलं चित्र.

आणि हे चित्र कायद्यातही उतरलं. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणं एवढाच गुन्हा ठरवला. टोळीत तो कधीही असो, कायद्याआधी वा नंतर, कंपनीच्या हद्दीत वा बाहेर, शिक्षा जन्मठेप. अमुक खून याने केला हे दाखवायची गरज उरली नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा त्याच वाटेवरचा, फक्त टोळीच्या जागी अख्खी जमात. तो १९५२ मध्ये रद्द झाला. त्याला आता सत्तरहून जास्त वर्षं झाली, तरी मराठवाड्यात कुठे चोरी झाली की पारधी वस्तीवरच पहिली चौकशी होते, हे तुम्हीही पाहिलं असेल.

टेलरचं पुस्तक हक्कमुक्त आहे, इंटरनेटवर फुकट मिळतं. बरेच जण थेट पहिल्या प्रकरणाला हात घालतात. तसं करू नका, हिंगोली प्रस्तावनेत आहे.